नाव ठेवलं, आता नावं ठेवा

आपल्या भाषेत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका टिंबाचा फरक आहे. पोराला नाव ठेवतात, माणसाला नावं ठेवतात. आपल्या माणसांच्या वाट्याला हा टिंबाएवढा फरकसुद्धा आला नाही. आपल्याला नाव ठेवलं गेलं तेच नावं ठेवता यावीत म्हणून.

माझ्या पोराचं नाव फकिरा आहे. मी आणि त्याच्या आईने मिळून ठेवलंय. पोरगं दीड महिन्याचं आहे. रबाळ्याच्या आमच्या वस्तीत, बंदरावरच्या आमच्या टोळीत, गावाकडच्या भावकीत या नावावर जेवढी चर्चा झाली तेवढी नळाच्या पाण्यावरसुद्धा कधी झाली नाही. हसणारे हसले. चिडणारे चिडले. काहींनी कोपऱ्यात घेऊन समजावलं. त्या सगळ्यांना एकदाच उत्तर देतोय. हा खुलासा नव्हे. खुलासा आरोपीने करायचा असतो.

मी न्हावाशेव्याच्या बंदरात कंत्राटावर लॅशिंगचं काम करतो. जहाजावर एकावर एक रचलेले कंटेनर लोखंडी रॉडने आवळायचे, नाहीतर आवळलेले सोडायचे. मॅट्रिक आहे. कविता लिहितो, त्या असल्याच अंकांतून छापून येतात. पंडित नाही. पण नावाचा विषय पंडितांवर सोडला की काय होतं, ते आपल्या पिढ्यांनी भोगलंय.

*

सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहिते म्हणतात. आपल्या कपाळावर तिच्या आधी मनूने लिहून ठेवलं होतं. दुसरा अध्याय काढून बघा. ब्राह्मणाच्या पोराचं नाव मंगल असावं, क्षत्रियाच्या नावात बळ असावं, वैश्याच्या नावात धन असावं आणि शूद्राचं नाव ऐकून किळस यावी. नावाला जोडायचा शब्दही ठरलेला. एकाला सुख, एकाला संरक्षण, एकाला भरभराट आणि शेवटच्याला चाकरी. पोरगं पाळण्यात आहे, त्याने डोळे नीट उघडले नाहीत, आणि त्याची नोकरी पक्की. शूद्राची ही गत, मग गावकुसाबाहेरच्यांची काय असणार? २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांच्या परिषदेत हे पुस्तक जाळलं, तेव्हा त्यात बारशाचाही कायदा जळाला.

कुणी म्हणेल, दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा ही नावं मनूने येऊन ठेवली नाहीत, आपल्याच आयांनी ठेवली. पोरं जगत नव्हती. दगडाचं, केराचं नाव ठेवलं की मरणाला वाटावं, हे काय उचलून न्यायचं! खरं आहे. माझ्या आज्याचं नाव दगडाचंच होतं, त्याच्या आधीची तीन भावंडं गेली होती म्हणून. १९७२ च्या दुष्काळात तो मराठवाड्यातून इकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या खाणीवर खडी फोडायला आला. नाव दगडाचं, काम दगडाचं, आणि मेला तेव्हा छातीत दगडाचीच भुकटी.

पण अशी नावं वरच्यांच्या घरातही होती. पोरं त्यांचीही मरत होती. महर्षी कर्व्यांचं नाव काय? धोंडो. धोंडो केशव कर्वे. १९५८ ला त्यांना भारतरत्न मिळालं. त्या नावाला कुणी नाक मुरडलं? तिकडे धोंडोचा धोंडोपंत होतो, इकडे धोंडूचा धोंड्या होतो. धोंडा तोच! म्हणजे किळस नावात नव्हती, हाक मारणाऱ्याच्या तोंडात होती. माझ्या आज्याला उभ्या जन्मात गावात कुणी धड नावाने हाक मारली नाही. शेपटीला 'या' लावल्याशिवाय त्यांची जीभ वळायचीच नाही.

हा 'या' लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

*

आपलं बंडही नावापासून सुरू झालंय. मे १९३६ च्या मुंबईतल्या महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराचा विचार मांडला, तेव्हा नावाचाही हिशोब केला. नुसतं चोखामेळा म्हणवून किंवा हरिजन म्हणवून काही होत नाही, जुनी घाण नव्या नावाला येऊन चिकटते, धर्म बदलणं हेच खरं नाव बदलणं, हा त्यांचा मुद्दा. १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात कायद्यामध्ये 'हरिजन' शब्द घुसवला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार उठून बाहेर पडले. दुसऱ्याने दयेने ठेवलेलं नाव आम्हाला नको, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं.

मग आपली नावं आपण ठेवली. १९४६ ला मुंबईत कॉलेज काढलं, नाव सिद्धार्थ. १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याचं पुढे नाव झालं मिलिंद. मिलिंद कोण? मिनँडर. ग्रीक राजा, यवन. नागसेन भिक्खूला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचं नाव आवाराला, नागसेनवन. तेव्हा कुठल्या महारवाड्यात मिलिंद नावाचं पोरगं होतं? पहिल्या बापाने पोराला मिलिंद म्हणून हाक मारली, तेव्हा शेजारी हसलेच असतील. १९५६ नंतर घराघरात राहुल, गौतम, आनंद, मिलिंद झाले. पोरी संघमित्रा, प्रज्ञा, करुणा झाल्या. आज राहुल कुठल्याही जातीत सापडतो. तेव्हा विचित्र नाव असं काही नसतं. एकट्याने ठेवलं की विचित्र, हजारांनी ठेवलं की चालू.

'बलुतं' १९७८ ला आलं. लेखकाच्या जागी दया पवार, आत आपली कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार. माणूस एकच. मुखपृष्ठावरच्या दयापासून आतल्या दगडूपर्यंत जी वाट आहे, ती आपल्यातल्या कितीतरी शिकलेल्यांनी तुडवली आहे. सगळ्यांनी ती लिहून काढली नाही एवढंच.

आणि त्याच १९७८ सालात, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. पाटीवरचे शब्द बदलायचे होते, दुसरं काही नाही. मराठवाडा पेटवला गेला. आपली घरं जळली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जिवे मारलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं! नावात काय आहे असं विचारणारा भेटला की या दोन तारखा सांगा आणि पुढे चला.

आमच्या नवी मुंबईतल्या आगरी-कोळ्यांनाही हे कळतं. २४ जून २०२१ ला विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून ते हजारोंनी सिडकोवर धडकले. जमिनी गेल्या, निदान नाव तरी आमच्या माणसाचं राहू द्या, एवढाच त्यांचा सवाल होता.

*

आता आजची गोष्ट बोलू.

आज वस्तीत पोरगं झालं की पहिल्यांदा मोबाईल काढतात. जन्माची वेळ टाकतात, अक्षर येतं. मग त्या अक्षराची यादी. आरव, विहान, रियांश. घरात बुद्धाची मूर्ती, बारशाला त्रिशरण-पंचशील, आणि नावाचं अक्षर राशीचं! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेणार नाही ही त्यातलीच एक. भटाला दारातून हाकलला, तो चार्जरच्या वायरीतून घरात आला.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. नाव असं पाहिजे की कळता कामा नये. "भीमराव नको, सिद्धार्थ नको, आता ही नावं ओळखू येतात. उद्या पोरगं इंटरव्ह्यूला जाईल, भाड्याने खोली बघेल." मी या बापांना हसत नाही. त्यांची भीती खोटी नाही. मी स्वतः खोली बघायला गेलोय. नुसतं नाव सांगितलं तोवर खोली रिकामी होती. आडनाव सांगितलं आणि तिथे घरमालकाचा पुतण्या राहायला येणार होता. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल या दोघांनी हे मोजूनच दाखवलं, २००७ ला छापून आलंय. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना एकाच शिक्षणाचे, एकाच लायकीचे अर्ज पाठवले. बदललं फक्त नाव. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता अंदाजे एक तृतीयांशाने कमी. मुसलमान नावाची गत त्याहून वाईट. अर्जाला रंग नसतो, वास नसतो, तरी त्यांना वास आला.

म्हणून लपायचं? लपता येतं का, ते बंदरावर येऊन बघा. जहाज विकलं गेलं की नवा मालक त्याचं नाव बदलतो. रंग बदलतो, झेंडा बदलतो. आज पनामाचं, उद्या लायबेरियाचं. जुन्या नावाची वेल्डिंग केलेली अक्षरं रंगाखालून दिसत राहतात ती वेगळीच. पण जहाजाला आयएमओचा सात आकडी नंबरही असतो. १९८७ पासून ही पद्धत आहे. नाव दहा वेळा बदला, जहाज भंगारात जाईपर्यंत नंबर तोच. आपल्यालाही या देशाने असाच नंबर मारलाय. पोराला रियांश म्हणा. समोरचा गोड हसतो आणि पुढचं विचारतो. पूर्ण नाव? गाव कुठलं? गावात कुठे?

सरकारही तोच नंबर मागतं. जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा. पणजा शाळेत गेला नाही, मग शाळेचा दाखला कुठून आणणार? गावच्या कोतवाल बुकात शोधा. जन्ममृत्यूच्या नोंदीत सापडतो तो, 'या' लावलेला, नावासोबत जात चिकटवलेला. दाखला काढायलाच पाहिजे, तो आपला हक्क आहे. मी एवढंच म्हणतो की रियांशला हक्काची फी माफी मिळवायला शेवटी धोंड्याच्याच पायाशी जावं लागतं. मग लपवलं कुणापासून? दुनियेला तर कळलंच. लपलं ते फक्त पोरापासून.

*

"लपवायचं नव्हतं ना? मग सिद्धार्थ ठेव, भीमराव ठेव. फकिरा कशाला?" हा पुढचा सवाल.

फकिरा अण्णा भाऊ साठ्यांचा. १९५९ ची कादंबरी. वाटेगावचा मांग, दुष्काळात भुकेल्या माणसांसाठी इंग्रजी सत्तेला भिडणारा. पुस्तक अर्पण केलंय बाबासाहेबांच्या लेखणीला. लिहिणारा माणूस शाळेत टिकला नाही, मुंबईत येऊन मजुरी केली, गिरणीत राबला, डफावर थाप मारून लाल बावट्याचे पोवाडे गायला. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं त्याचं उद्घाटन त्याने केलं. हातात रॉड धरून लिहिणाऱ्या माझ्यासारख्याचा लिहिण्यातला बाप दुसरा कोण असणार? आमच्या घरात हे पुस्तक बायकोने आधी वाचलं, मी नंतर. नावही आधी तिच्याच तोंडून आलं.

आणि खरी बोंब इथेच आहे. लोक हसतात ते नाव जुनाट आहे म्हणून नाही. नाव मांगाचं आहे म्हणून. बाकीचे आडून बोलले. माझी आजी सरळ बोलली, "बाबासाहेबानं येवढी नावं दिली, आन् तुला मांगाचंच घावलं का रं लेकरा?"

दोस्तहो, म्हातारीवर रागावू नका. तिने मोठ्याने म्हटलं, आपण मनात म्हणतो. १४ एप्रिलची कमिटी वेगळी, १ ऑगस्टची वेगळी. पावतीपुस्तक वेगळं, डीजे वेगळा, मिरवणुकीचा रस्ता वेगळा. गावात पाणवठा वेगळा होता, मसणवाटा वेगळा होता. वर जाईल तसा आदर वाढतो आणि खाली येईल तसा तिरस्कार वाढतो, हे जातीचं गणित बाबासाहेबांनी मांडून दिलं. ते आपण फक्त वरच्यांना ऐकवतो. गावकुसाची भिंत मनूची, पण तिच्या बाहेर महारवाडा आणि मांगवाडा यांच्या मधली भिंत कुणी लिंपली? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने निर्णय केला की वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगलं झालं. आता समतानगर भीमनगरच्या घरी जेवायला जातं का, ते सरकार नाही सांगणार.

१८५५ साली ज्ञानोदयात एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयी. शीर्षकातच दोन जाती एका शब्दात, दुःख एक. त्या पोरीने जोडलेला शब्द आपण तोडून ठेवलाय.

१ ऑगस्ट २०२४ ला तर आणखी तुटला. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, सहा विरुद्ध एक, अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करायची मुभा राज्यांना दिली. नेमका अण्णा भाऊंच्या जयंतीचा दिवस. तेव्हापासून चहाच्या टपरीवर एक म्हणतो, आमच्या ताटातलं काढून घेतायत. दुसरा म्हणतो, आमच्यापुढे ताट आलंच कधी? आणि ज्याच्या हातात पळी आहे तो दोघांची मजा बघतो. माझं मत स्पष्ट आहे. खरी आकडेवारी टेबलावर ठेवा, आणि ज्याला मिळालं नाही त्याला मोजून द्या. हे म्हणताना महाराची जीभ अडायचं कारण नाही. जो हिस्सा नाकारतो आणि अण्णा भाऊंचं नाव घेतो, तो नावाचा चोर. मला चोर व्हायचं नाही, म्हणून नाव आणि हिस्सा दोन्ही एकाच लेखात लिहितोय.

"पण आपलं नाव ते नाही." बरं, पँथर नाव तरी कुणाचं? १९६६ ला अमेरिकेत ओकलंडला काळ्यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. सात समुद्रांपलीकडच्या काळ्या भावांचं नाव आपण छातीवर मिरवलं. माल्कम लिटलने गुलामांच्या मालकाकडून आलेलं आडनाव फेकून नुसती फुली लावली, माल्कम एक्स. कॅशस क्ले १९६४ ला मुहम्मद अली झाला आणि गोऱ्यांनी किती दिवस हट्टाने त्याला जुन्याच नावाने हाक मारली! तेव्हा टाळ्या वाजवणारे आपणच. ओकलंडहून नाव आणलं तर क्रांती. ग्रीकांकडून मिलिंद आणला तर ज्ञान. आणि गटारापलीकडच्या गल्लीतून फकिरा आणला की बाटलो?

*

दुसरा आक्षेप, नाव मुसलमानी वाटतं. एका कार्यालयात फॉर्म भरताना खिडकीपलीकडून विचारलं, "तुमच्यात असलं नाव ठेवतात?" दोस्तही म्हणाले, हवा बघ बाहेरची, पोराला त्रास होईल. हवा मलाही कळते. पण फकिरा हे नाव गावोगाव होतं. पिराला नवस बोलायचे, पोर झालं की फकिरा. पिराच्या नावाने पोराला हाक मारताना या मातीत कुणाची जीभ अडत नव्हती. आज अडते. मग बिघडलंय ते नाव की दिवस? मुसलमान समजून जो माझ्या पोरावर हात टाकील, तो खरं कळल्यावर सोडून देणार आहे का? महार म्हणून मारील.

तिसरा आक्षेप आजीचाच. "फकिऱ्या म्हणतील गं बाई, फकिऱ्या!" म्हणतील. तोच तो 'या'. आज्याने मान खाली घालून 'जी' म्हटलं, कारण त्याची भाकरी त्यांच्या हातात होती. माझ्या पोराला मी 'जी' शिकवणार नाही. पूर्ण नाव घ्या, असं म्हणायला शिकवीन. आणि तेवढ्याने भागणार नाही हेही मला कळतं. शाळा पाहिजे, पुस्तक पाहिजे, बापाला कायम नोकरी पाहिजे. ठेकेदाराच्या दारात रोज हजेरी लावणाऱ्या बापाचं पोरगं भाकरीसाठी पुन्हा मान खाली घालील, मग त्याचं नाव फकिरा असो की चक्रवर्ती.

चौथा आक्षेप, पोराला मोठेपणी आवडलं नाही तर? बदलू दे. राजपत्रात जाहिरात देऊन बदलू दे. दगडूने दया केलंच की. नाव ठेवायचा हक्क आम्ही घेतला, तो त्याच्याकडेही आहे. पण बदलताना त्याला माहीत असेल की तो काय सोडतोय. न कळता सोडलेलं आणि कळून सोडलेलं यात फरक आहे.

तोवर कागदावर जाऊ दे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या पोरांना शाळेच्या प्रवेशापासून पुढे जन्मदाखलाच पुरावा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आधी पोराचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. फकिराच्या नावाला लागून त्याच्या आईचं नाव आहे, माझं त्यानंतर. नऊ महिने जिने वागवलं ती कागदावर यायला २०२४ उजाडावं लागलं! तुम्हीही घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करा, पण नाव सावकाश ठरलं तरी चालतं, वर्षभरात ते फुकट चढवता येतं. दवाखान्याच्या दारात यादीतलं पहिलं नाव टेकवून मोकळे होऊ नका. नवरा-बायको बसा, वाचा, भांडा, मग ठेवा.

*

सगळ्यात खरा आक्षेप माझ्या टोळीतल्या दोस्ताने घेतला. तो मातंग. बातमी ऐकली तेव्हा तो हसला नाही, चिडला नाही. रॉड खाली ठेवला आणि विचारलं, "नाव घेतलंस. सोयरीक घेशील का? उद्या माझ्या भावाला तुमच्यातली पोरगी द्यायची म्हटलं तर?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "द्यायची म्हंजे? पोरगी काय कंटेनर हाय का, या जहाजावरून त्या जहाजावर? तिला इचारलं का कुणी?"

मी दोघांचेही सवाल खिशात घेऊन फिरतोय. तिच्या सवालाने त्याचा सवाल पुसला जात नाही, उलट धार येते. आंतरजातीय लग्नाच्या गोष्टी आपण करतो तेव्हा डोळ्यांपुढे ब्राह्मणाची पोरगी असते. मांगाचा पोरगा आपल्या बहिणीने स्वतः निवडला, तर दारात कोण कोण उभं राहील? कविता वाचणारे किती? भाषणं करणारे किती? चळवळीत वीस वर्षं घालवलेल्या माणसांच्या घरी झालेल्या लग्नपत्रिका काढा आणि मोजा. उत्तर सापडेल, आणि ते वाचून गप्प बसावं लागेल.

माझं उत्तर छापून देतो, म्हणजे पुढे फिरवता येणार नाही. माझ्या घरातल्या पोरीने, पोराने, मांगाच्या, चांभाराच्या, मेहतराच्या घरातलं माणूस आपल्या मर्जीने निवडलं तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. भावकी तुटली तर तुटली. हा अंक त्या दिवशी माझ्यापुढे धरा.

तुमचं उत्तर मला पत्राने नको. रबाळ्यात १४ एप्रिल आणि १ ऑगस्ट या दोन्ही जयंत्यांसाठी एकच कमिटी, एकच पावतीपुस्तक, एकच मिरवणूक करायची, असा विषय मी दोन्ही कमिट्यांच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध होणार हे धरून चाललोय, दोन्हीकडून होणार. ज्यांना विरोध करायचा त्यांनी यावं, तोंडावर बोलावं. ज्यांना बाजूने उभं राहायचं त्यांनी घरातल्या बायकांना घेऊन यावं, नुसत्या पुरुषांची बैठक आता पुरे. आणि ज्यांच्या घरी येत्या वर्षात पाळणा हलणार आहे त्यांनी एक करावं. महाराने मुक्ताचं, लहुजीचं, फकिराचं नाव उचलावं. मातंगाने भीमरावाचं, रमाईचं उचलावं. चांभाराने दोन्ही उचलावीत. दहा वर्षांनी हजेरीपटावर नाव वाचून मास्तरला जात कळता कामा नये, आणि ती आपण लपवली म्हणून नव्हे, आपण एकमेकांत मिसळलो म्हणून.

बैठकीला पोराला कडेवर घेऊन येईन. ज्याला नावं ठेवायची त्याने खुशाल ठेवावीत. फक्त त्याला पूर्ण नावाने हाक मारायची. फकिरा.

जय भीम! जय लहुजी!